बीसीजी लस आणि क्षयरोगविषयक प्रतिरक्षा

क्षयरोगाच्या दंडाणूंविरुद्ध शरीरात कृत्रिम रीत्या प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक्षमता) निर्माण करण्यासाठी जगभर वापरली जाणारी लस म्हणजे बीसीजी होय. ‘बॅसिलस काल्मेत-गेरँ’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ती या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. ही लस मारलेल्या जंतूंची नसून जिवंत परंतु दुर्बल केलेल्या दंडाणूंची आहे. १९२१ पासून मानवात तिचा उपयोग होत आला असून जगात सर्वांत अधिक संख्येने टोचल्या गेलेल्या लशींत तिची गणना होते. असे असूनही ती शरीरात नेमके कोणते बदल घडविते आणि त्यांपैकी कोणत्या बदलामुळे रोगापासून संरक्षण मिळते, या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यात शतकाहून अधिक काळ गेला आहे व त्यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजूनही अपुरे आहे. देवी, घटसर्प वा धनुर्वात यांविरुद्धच्या लशींचा इतिहास बराचसा सरळ आहे. बीसीजीचा तसा नाही. यशाचे आकडे व अपयशाचे आकडे तिच्या बाबतीत सारख्याच विश्वसनीय प्रयोगांतून आलेले आहेत.

पूर्वपीठिका : जर्मन सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख (१८४३–१९१०) यांनी क्षयरोगाच्या दंडाणूचा शोध लावल्याचे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले. त्यानंतर आठ वर्षांनी त्यांनी या दंडाणूंच्या संवर्धनापासून ग्लिसरिनाच्या साहाय्याने काढलेला एक अर्क क्षयरोगावरील उपाय म्हणून पुढे आणला. हेच ट्यूबरक्युलीन होय. त्याची कृती प्रथम गुप्त ठेवण्यात आली होती. युरोपातून हजारो रुग्ण बर्लिनकडे लोटले. परंतु थोड्याच महिन्यांत, १८९१ च्या प्रारंभी, रूडोल्फ फिरखो यांनी केलेल्या शवपरीक्षांत उपचार घेतलेल्या रुग्णांच्या शरीरात रोग मागे हटण्याऐवजी नव्या जागी पसरल्याचे दिसून आले. उपाय म्हणून ट्यूबरक्युलीन फसले. मात्र त्याच सुमारास कॉख यांनी नोंदविलेले एक निरीक्षण चिरस्थायी ठरले. निरोगी गिनीपिगाला क्षयदंडाणू टोचले असता त्या जागी काही दिवसांनी गाठ येते, तिचा व्रण होतो व तो प्राणी मरेपर्यंत भरत नाही. जंतू जवळच्या लसीका ग्रंथींत व तेथून सर्व शरीरात पसरतात. आधीच संसर्ग झालेल्या गिनीपिगाला चार ते सहा आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा दंडाणू टोचले, तर एकदोन दिवसांतच ती जागा कठीण व काळपट होते, मृत भाग गळून पडतो व व्रण लवकर भरून येतो. जवळच्या ग्रंथींना संसर्ग पोहोचत नाही. या घटनेस ‘कॉख आविष्कार’ म्हणतात. एकाच प्रतिक्रियेत ऊतकांचा (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांचा) नाश आणि जंतूंचा अटकाव या दोन्ही गोष्टी घडतात, हे त्यातील मर्म आहे. क्षयरोगाच्या प्रतिरक्षेसंबंधीचे पुढील सर्व वाद या दोन गोष्टींच्या परस्परसंबंधाभोवती फिरत राहिले.

मानवातही पूर्वसंसर्गाने काही संरक्षण मिळते, असे फ्रेंच वैद्य आंत्वान मार्फां यांनी १८८६ मध्ये सुचविले होते. ज्यांना बालपणी गंडमाळा किंवा त्वचेचा क्षय होऊन पूर्ण बरा झाला, अशा व्यक्तींत फुप्फुसाचा क्षय क्वचितच आढळतो, असे त्यांचे निरीक्षण होते. १८९८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ थीओबाल्ड स्मिथ यांनी गाईगुरांतील व मानवातील क्षयदंडाणू भिन्न असल्याचे दाखविल्यावर, गोवसूरीपासून जशी देवीची लस मिळाली तशी गोक्षयाच्या दंडाणूंपासून मानवी क्षयाची लस मिळेल, अशी आशा बळावली. ही तुलना दिशाभूल करणारी होती. गोवसूरी मानवाला सौम्य असते. गोक्षयाचा दंडाणू मानवाला, विशेषतः दुधावाटे बालकांना, घातक ठरू शकतो.

१८९० हे वर्ष आणखी एका कारणाने ध्यानात घेण्याजोगे आहे. कॉख यांच्याच संस्थेत एमील फोन बेरिंग व शिबासाबुरो किटासाटो यांनी त्या वर्षाच्या डिसेंबरात घटसर्प व धनुर्वात यांवरील प्रतिविषे रक्तरसात असतात व रक्तरसाबरोबर ती एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येतात, असे सिद्ध केले. यावरून प्रतिरक्षा म्हणजे रक्तातील प्रतिपिंडे (बाह्य पदार्थास विरोध करणारी विशिष्ट प्रथिने) असे समीकरण रूढ झाले. क्षयरोगाच्या बाबतीत मात्र रक्तरसाचा काहीही उपयोग होईना. संसर्गित प्राण्याचा रक्तरस टोचल्याने निरोगी प्राण्याला ना संरक्षण मिळे, ना ट्यूबरक्युलिनाची संवेदनशीलता. या विसंगतीचा उलगडा होण्यास पन्नासहून अधिक वर्षे लागली.

दरम्यान फसलेल्या ट्यूबरक्युलिनाला निदानाच्या क्षेत्रात स्थान मिळाले. ‘ॲलर्जी’ (अधिहर्षता) हा शब्द १९०६ मध्ये प्रचारात आणणारे ऑस्ट्रियन बालरोगतज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०७ मध्ये त्वचेवर ओरखडा काढून, तर शार्ल मांतू यांनी १९०८ मध्ये त्वचेत अंतःक्षेपण (इंजेक्शन) करून ट्यूबरक्युलीन परीक्षा करण्याची रीत बसविली. ज्याला क्षयदंडाणूंचा संसर्ग झालेला आहे त्याच्या त्वचेवर दोन-तीन दिवसांत कठीण सूज येते. मोठ्या शहरांतील बहुसंख्य प्रौढांत ही परीक्षा अस्तिपक्षी येते, परंतु त्यांतील थोड्यांनाच रोग होतो, असे आढळले. अर्थात जंतुसंसर्ग व रोग या दोन वेगळ्या गोष्टी असून मधल्या जागेत शरीराची काहीतरी यंत्रणा काम करीत असली पाहिजे, हे स्पष्ट झाले.

लशीची निर्मिती : आल्बेर काल्मेत (१८६३–१९३३) यांनी सायगाव येथे पाश्चर संस्थेची शाखा स्थापिली होती व सर्पविषावरील प्रतिविषाबद्दल त्यांचे नाव झाले होते. १८९५ पासून ते उत्तर फ्रान्समधील लील या औद्योगिक शहरातील पाश्चर संस्थेचे संचालक होते. गिरणी कामगारांच्या या शहरात क्षयाचे प्रमाण मोठे होते. पशुवैद्य कामीय गेरँ (१८७२–१९६१) हे १८९७ मध्ये त्यांचे सहकारी झाले. दंडाणूंचे पुंजके मोडून एकजीव मिश्रण व्हावे म्हणून त्यांनी बटाटा व ग्लिसरीन यांच्या संवर्धन-माध्यमात बैलाचे पित्त घातले. हेतू केवळ सोयीचा होता; परंतु या माध्यमात वाढलेल्या गोक्षयाच्या दंडाणूंची रोगकारकता हळूहळू कमी होते, असे त्यांच्या ध्यानात आले. १९०८ मध्ये गाईच्या कासेतील क्षयापासून एद्माँ नोकार यांनी वेगळा काढलेला वाण (प्रभेद) घेऊन त्यांनी दर तीन आठवड्यांनी नव्या माध्यमात त्याचे पुनःसंवर्धन करण्यास आरंभ केला. हे काम तेरा वर्षे चालले आणि पुनःसंवर्धनांची संख्या २३० वर गेली. पहिल्या महायुद्धात लील जर्मन सैन्याच्या ताब्यात होते व बटाटे आणि पित्त मिळविणेही दुरापास्त झाले होते, तरी ही साखळी तुटू दिली गेली नाही. अखेरीस मिळालेला दंडाणू गिनीपिग, ससे, गुरे व माकडे यांच्यात वाढणारा क्षय उत्पन्न करू शकत नव्हता आणि तो मूळ स्वरूपावर परतही गेला नाही.

१८ जुलै १९२१ रोजी पॅरिस येथील शारिते रुग्णालयात बँझामँ वेय-आले व रेमाँ त्यूर्पँ यांनी ही लस प्रथमच एका अर्भकास तोंडाने दिली. त्या मुलाची आई प्रसूतीनंतर क्षयाने मरण पावली होती आणि ज्या आजीकडे ते वाढणार होते तीही क्षयी होती. संसर्ग जवळजवळ अटळ होता. दोन-दोन मिग्रॅ.च्या तीन मात्रा त्याला देण्यात आल्या; मुलाला कोणताही अपाय झाला नाही व पुढे क्षयही झाला नाही. १९२८ पर्यंत फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक अर्भकांना लस देण्यात आली व त्याच वर्षी राष्ट्रसंघाने बोलाविलेल्या तज्ञांनी ती निर्धोक ठरविली. काल्मेत यांनी प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीवर मात्र ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ मेजर ग्रीनवुड यांनी कडक टीका केली. (येथे ‘मेजर’ हा लष्करी हुद्दा नसून त्यांचे नाव आहे.) लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांची घरे, काळजी व नोंद घेण्याची पद्धत सारखी नसताना मृत्यूंची तुलना करणे व्यर्थ आहे, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप योग्य होता. लशीचे मोल योग्य नियंत्रित प्रयोगांनी ठरविण्याचे काम त्यामुळे पुढील पिढीवर पडले.

ल्यूबेकची दुर्घटना : १९३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक या शहरात पॅरिसहून आणलेल्या वाणापासून तेथील रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लस तयार करून ती सुमारे २५० नवजात बालकांना तोंडाने देण्यात आली. काही आठवड्यांतच मुले आजारी पडू लागली व सत्तराहून अधिक दगावली. चौकशीत असे निष्पन्न झाले की, त्याच प्रयोगशाळेत ठेवलेल्या मानवी क्षयदंडाणूंच्या एका जहाल वाणाची लशीत भेसळ झाली होती. बीसीजी दंडाणू स्वतः जहाल बनलेला नव्हता. १९३१–३२ मध्ये चाललेल्या खटल्यात प्राध्यापक गेओर्ख डाइके व डॉ. एर्न्स्ट आल्टश्टेट यांना कारावासाच्या शिक्षा झाल्या. काल्मेत दोषमुक्त ठरले, पण हा आघात त्यांनी मनाला लावून घेतला व १९३३ मध्ये ते निवर्तले. अनेक देशांत लसीकरण त्यानंतर बराच काळ मागे पडले. या दुःखद घटनेतून एक शास्त्रीय निरीक्षणही हाती आले. जहाल दंडाणू पोटात गेलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांनी कोणत्याही औषधाविना (त्या काळी औषध नव्हतेच) रोगावर मात केली. नवजात बालकाच्या अंगीही क्षयदंडाणूला आवर घालण्याची उपजत शक्ती असते आणि जंतूंची मात्रा वाढेल तशी ती अपुरी पडते, असे या नोंदींवरून दिसते.

ॲलर्जी म्हणजेच प्रतिरक्षा काय? : बीसीजी टोचल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी बहुतेकांची ट्यूबरक्युलीन परीक्षा अस्तिपक्षी होते. त्यामुळे ही संवेदनशीलता म्हणजेच संरक्षण, अशी समजूत झाली व तिला नॉर्वेतील निरीक्षणांनी पुष्टी मिळाली. ऑस्लो येथील उलेव्हॉल रुग्णालयात योहानेस हाइमबेक यांना असे आढळले की, नव्याने दाखल होणाऱ्या परिचारिकांपैकी ज्यांची परीक्षा नास्तिपक्षी असे त्याच पुढे मोठ्या संख्येने क्षयाने आजारी पडत. खेड्यातील धडधाकट मुली शहरातील फिकट मुलींपेक्षा अधिक बळी पडत. १९२७ पासून त्यांनी नास्तिपक्षी परिचारिकांना बीसीजी टोचली व रोगाचे प्रमाण घटले. स्वीडनमध्ये आर्व्हिड व्हालग्रेन यांनी त्याच वर्षी लस तोंडाने देण्याऐवजी त्वचेत टोचण्याची पद्धत सुरू केली. त्यांचा दंडक असा की, लशीनंतर परीक्षा अस्तिपक्षी झाल्याखेरीज बालकाला क्षयी घरात परत पाठवू नये.

याउलट अमेरिकेतील विकृतिविज्ञ आर्नल्ड रिच यांनी संसर्गित गिनीपिगांना ट्यूबरक्युलिनाच्या वाढत्या मात्रा देऊन त्यांची संवेदनशीलता नाहीशी केली, तरी त्यांची प्रतिकारक्षमता टिकून राहते असे दाखविले. ऊतकांचा नाश करणारी ॲलर्जी व जंतूंना आवरणारी प्रतिरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. वाद अनेक वर्षे चालला. १९६० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील प्रयोगाच्या आकडेवारीवरून दिसून आले की, लशीनंतर उमटणाऱ्या ट्यूबरक्युलीन प्रतिक्रियेच्या तीव्रतेवरून त्या व्यक्तीला किती संरक्षण मिळाले याचा अंदाज बांधता येत नाही. रिच यांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर होते, असे त्यावरून म्हणता येते. तथापि अनेक देशांतील लसीकरण-मोहिमांत यश मोजण्याचे माप म्हणून ही परीक्षाच दीर्घकाळ वापरली गेली, कारण दुसरे माप हाताशी नव्हते.

कोशिकाजन्य प्रतिरक्षेचा शोध : मॅक्स लूरी यांनी १९४२ मध्ये लस दिलेल्या सशाच्या महाभक्षी कोशिका निरोगी सशाच्या डोळ्यात ठेवून त्या दंडाणूंची वाढ अधिक चांगल्या प्रकारे रोखतात असे दाखविले. १९४५ मध्ये मेरिल चेस यांनी संवेदनशील गिनीपिगाच्या पांढऱ्या कोशिका निरोगी गिनीपिगाला टोचून ट्यूबरक्युलीन संवेदनशीलता संक्रमित केली. रक्तरसाने जे साधले नव्हते ते कोशिकांनी साधले. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जॉर्ज मॅकॅनेस यांनी १९६२ पासूनच्या प्रयोगांत या दोन निरीक्षणांची सांगड घातली : विशिष्ट प्रतिजन (प्रतिरक्षा-प्रतिक्रिया उत्पन्न करणारा पदार्थ) ओळखण्याचे काम लसीका कोशिका करतात, तर जंतू मारण्याचे काम त्यांनी चेतविलेल्या महाभक्षी कोशिका करतात. एकदा चेतविलेल्या महाभक्षी कोशिका मग इतर जातींच्या जंतूंनाही मारतात. म्हणजे ओळख विशिष्ट असते, प्रहार सर्वसाधारण असतो. यौवनलोपी ग्रंथीचे कार्य १९६१ मध्ये झाक मिलर यांनी उघड केल्यावर ओळखीचे हे काम त्या ग्रंथीत परिपक्व होणाऱ्या टी-लसीका कोशिकांचे आहे, हे निश्चित झाले.

दंडाणू महाभक्षी कोशिकेच्या पोटात जातो, तरी तेथे मरत का नाही, हा प्रश्न उरला होता. गिळलेला जंतू प्रथम एका पुटिकेत बंद होतो व नंतर पाचक द्रव्यांच्या पुटिकेशी तिचे मीलन होऊन तो नष्ट व्हावा, अशी सामान्य रीत आहे. जिवंत क्षयदंडाणू हे मीलनच टाळतो, असे १९७१ मध्ये जे. ए. आर्मस्ट्राँग व फिलिप डार्सी हार्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले. ब्रिटनमधील बीसीजी प्रयोगाची धुरा वाहणारे हेच हार्ट होत. मोठ्या लोकसमूहावरील प्रयोग व एका कोशिकेतील घडामोड या दोन्ही टोकांना एकाच संशोधकाची मुद्रा उमटावी, असे या विषयात क्वचितच घडले आहे. ते १०६ वर्षे जगले व उत्तर आयुष्यातही प्रयोगशाळेत काम करीत राहिले.

टी-कोशिका महाभक्षी कोशिकांना ज्या द्रव्याने चेतवितात ते प्रामुख्याने गॅमा इंटरफेरॉन आहे, असे १९८३ मध्ये कार्ल नेथन व सहकाऱ्यांनी दाखविले. १९९३ मध्ये या द्रव्याचे जनुकच काढून टाकलेले उंदीर क्षयसंसर्गाने झपाट्याने मरतात असे आढळले. मानवातील पुरावा निसर्गाने पुरविला. क्वचित काही अर्भकांत निरुपद्रवी बीसीजी सर्व शरीरभर पसरून प्राणघातक ठरते. अशा काही कुटुंबांत गॅमा इंटरफेरॉनाच्या ग्राहकाचे जनुक सदोष असल्याचे १९९६ मध्ये दिसून आले. एचआयव्ही संसर्गात टी-कोशिकांचा एक प्रमुख वर्ग नष्ट होतो व क्षय उफाळतो. त्याच कारणाने एचआयव्हीबाधित असल्याचे माहीत असलेल्या अर्भकांना बीसीजी देऊ नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दिला. पुढे २०१८ मध्ये औषधोपचाराने प्रकृती स्थिर झालेल्या मुलांपुरता तो शिथिल करण्यात आला.

आज मान्य असलेले चित्र थोडक्यात असे आहे. त्वचेत टोचलेले बीसीजी दंडाणू तेथील भक्षक व शाखायुक्त कोशिका गिळतात. शाखायुक्त कोशिका त्यांचे प्रतिजन काखेतील लसीका ग्रंथीत नेऊन टी-कोशिकांपुढे मांडतात. त्यांतून निवडलेल्या टी-कोशिका बहुगुणित होतात व त्यांतील काही स्मृती-कोशिका म्हणून वर्षानुवर्षे राहतात. टोचलेल्या जागी दोन-तीन आठवड्यांनी येणारी पुटकुळी, तिचा लहानसा व्रण आणि अखेरीस दंडावर राहणारा वण ही याच घडामोडींची बाह्य खूण होय. लस न घेतलेल्या शरीरात फुप्फुसात शिरलेल्या दंडाणूंची वार्ता लसीका ग्रंथीपर्यंत पोहोचण्यास बराच अवधी लागतो व तेवढ्यात जंतूंची संख्या पुष्कळ वाढते. मानवात ट्यूबरक्युलीन परीक्षा अस्तिपक्षी होण्यास तीन ते आठ आठवडे जातात. स्मृती-कोशिका तयार असल्यास हा अवधी घटतो. रक्तावाटे होणारा जंतूंचा प्रसार त्यामुळे रोखला जातो, परंतु फुप्फुसातील मूळ केंद्र पूर्णपणे नष्ट होईलच असे नाही. बालकांतील मस्तिष्कावरणाचा क्षय व सर्वांगी पसरणारा कणिकामय क्षय यांपासून बीसीजी चांगले संरक्षण देते, पण प्रौढांच्या फुप्फुसक्षयाबाबत तिचा भरवसा नाही, याची संगती या चित्रावरून बरीचशी लागते. [⟶ क्षयरोग].

परस्परविरोधी प्रयोग : ब्रिटनमध्ये १९५० मध्ये शाळा सोडणाऱ्या, चौदा-पंधरा वर्षे वयाच्या पन्नास हजारांहून अधिक मुलामुलींवर सुरू झालेल्या प्रयोगात बीसीजीने क्षयाचे प्रमाण सुमारे ८०% नी घटविले. अमेरिकेतील मूळ रहिवाशांमध्ये १९३५–३८ मध्ये जोसेफ ॲरनसन यांनी केलेल्या प्रयोगाचा निष्कर्षही असाच होता. त्यात भाग घेतलेल्यांची साठ वर्षांनंतर पाहणी केली असता निम्म्याच्या आसपास संरक्षण टिकून असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु अमेरिकेच्याच दक्षिणेकडील जॉर्जिया व ॲलाबॅमा या राज्यांत संरक्षण केवळ १४% आणि प्वेर्त रीकोमध्ये ३१% भरले.

भारतात बीसीजीचे काम १९४८ मध्ये सुरू झाले. मद्रासजवळ गिंडी येथे लस बनविणारी प्रयोगशाळा निघाली व १९५१ पासून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने देशव्यापी मोहीम हाती घेण्यात आली. तिला विरोधही झाला. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९५५ मध्ये या लशीच्या सामुदायिक वापराविरुद्ध जाहीर आघाडी उघडली. त्यांचे शास्त्रीय युक्तिवाद सर्वच टिकणारे नव्हते; पण भारतीय परिस्थितीत लशीचा उपयोग सिद्ध झालेला नाही, हा त्यांचा मुद्दा त्या वेळी वस्तुस्थितीला धरून होता.

तो मुद्दा निकालात काढण्यासाठी तमिळनाडूतील चिंगलपुट जिल्ह्यात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने जागतिक आरोग्य संघटना व अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य सेवा यांच्या सहकार्याने १९६८ मध्ये प्रयोग सुरू केला. या विषयावरील तो जगातील सर्वांत मोठा प्रयोग ठरला. सुमारे अडीच लाखांहून अधिक लोकांना पॅरिस व कोपनहेगन येथील दोन उत्कृष्ट मानलेल्या वाणांची, प्रत्येकी दोन मात्रांत, लस किंवा निष्क्रिय द्रव टोचण्यात आला. कोणाला काय टोचले हे टोचणाऱ्यासही ठाऊक नव्हते. साडेसात वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष १९७९ मध्ये बाहेर आले : थुंकीत जंतू आढळणाऱ्या फुप्फुसक्षयापासून लशीने काहीही संरक्षण दिले नव्हते. पंधरा वर्षांचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले व तेही प्रौढांबाबत तसेच होते. मुलांत अल्प संरक्षण (सुमारे २७%) दिसले. लस निकृष्ट होती असे म्हणावे, तर टोचल्यानंतर अडीच महिन्यांनी ट्यूबरक्युलीन संवेदनशीलता उत्तम आलेली होती. अडीच वर्षांनी मात्र ती बरीच ओसरली होती. क्षयाचा सर्वाधिक भार वाहणाऱ्या देशात, सर्वांत काटेकोर प्रयोगात, हाती असलेली एकमेव लस प्रौढांच्या बाबतीत निष्फळ ठरली. भारतातील व जागतिक संघटनेच्या तज्ञांनी १९८० मध्ये या निष्कर्षांचा विचार करून अर्भकांचे लसीकरण चालू ठेवण्याची शिफारस केली. चिंगलपुटचा प्रयोग बालकांतील मस्तिष्कावरणाच्या क्षयाचे मोजमाप करण्यासाठी योजलेलाच नव्हता, हे ध्यानात घेता ती शिफारस रास्त होती व पुढील अभ्यासांनी ती योग्य ठरविली. १९८५ पासूनच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात बीसीजी जन्मतःच दिली जाते.

या तफावतीचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण प्रतिरक्षाविज्ञानातून आले. माती व पाणी यांत क्षयदंडाणूचे अनेक निरुपद्रवी सगोत्र जंतू असतात व उष्ण प्रदेशात त्यांची संख्या मोठी असते. चिंगलपुटच्या प्रौढांपैकी जवळजवळ सर्वांच्या शरीराला त्यांची पूर्वओळख असल्याचे त्वचापरीक्षांवरून दिसले होते. अमेरिकेतील कॅरल पामर व एस्मंड लाँग यांनी १९६६ मध्येच असे दाखविले होते की, या जंतूंनी गिनीपिगात काही प्रमाणात संरक्षण निर्माण होते व त्यावर बीसीजीने पडणारी भर थोडीच असते. लस निकामी नसते. तिचे काम आधीच अंशतः झालेले असल्याने ते झाकले जाते. दुसरे मत असे की, पूर्वओळखीमुळे तयार झालेली प्रतिरक्षा जिवंत बीसीजी दंडाणूंनाच वाढू देत नाही आणि लस रुजण्यापूर्वीच मारली जाते. उंदरांवरील प्रयोगांनी २००२ मध्ये याला आधार दिला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासात ब्रिटनमधील किशोरांत बीसीजीनंतर गॅमा इंटरफेरॉनाची प्रतिक्रिया ठळकपणे वाढली, तर मालावीतील तरुणांत ती लशीपूर्वीच बऱ्याच प्रमाणात होती व लशीने फारशी वाढली नाही. ज्या देशात लस गुणकारी ठरली होती तेथेच तिने प्रतिरक्षेत स्पष्ट बदल घडविला होता.

हरवलेला जनुक-खंड : बीसीजी दुर्बल का झाली, हे काल्मेत व गेरँ यांना कळणे शक्य नव्हते. १९९६ ते १९९९ या काळातील आनुवंशिक अभ्यासांतून असे दिसले की, १९०८ ते १९२१ मधील पुनःसंवर्धनांच्या ओघात दंडाणूच्या गुणसूत्रातील जनुकांचा एक लहान खंड गळून पडला होता. या खंडातील जनुकांमुळे मूळ दंडाणू काही प्रथिने बाहेर टाकतो व महाभक्षी कोशिकेतील पुटिकेचे आवरण फोडतो. बीसीजीला हे जमत नाही. ती पुटिकेतच अडकून राहते. त्यामुळे ती निर्धोक आहे, पण त्याच प्रथिनांविरुद्धची शिकवण ती शरीराला देऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, बीसीजीत नसलेली ही प्रथिने वापरून केलेल्या रक्तपरीक्षेने लसीकरण व खरा संसर्ग यांत फरक करता येऊ लागला, जे ट्यूबरक्युलीन परीक्षेला कधीच साधले नव्हते. १९२१ नंतर निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी आपापल्या परीने संवर्धन चालू ठेवल्याने आणखीही जनुके गळाली. टोकिओ, कोपनहेगन, मॉस्को व पॅरिस येथील वाण त्यामुळे सर्वस्वी एकरूप राहिलेले नाहीत.

इतर परिणाम : स्वीडनच्या उत्तर भागात काम करणारे कार्ल नेसलुंड यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत असे नोंदविले की, बीसीजी घेतलेल्या बालकांत मृत्यूंची जी घट दिसते ती क्षयाच्या मृत्यूंतील घटीने पूर्णपणे समजत नाही. ही नोंद बराच काळ दुर्लक्षित राहिली. २०१२ मध्ये नेदर्लंड्‌समधील मिहाई नेटेया व सहकाऱ्यांनी दाखविले की, बीसीजीनंतर रक्तातील एककेंद्रकी भक्षक कोशिका इतर जंतूंनाही अधिक जोमाने प्रतिसाद देतात व हा बदल काही महिने टिकतो. स्मृती ही केवळ लसीका कोशिकांची मक्तेदारी होय, या समजुतीला त्यामुळे मुरड घालावी लागली. मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगात १९७६ पासून होत असलेला बीसीजीचा उपयोगही अशाच सर्वसाधारण चेतनेवर आधारलेला आहे.

नव्या लशींचे प्रयत्न : २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दक्षिण आफ्रिकेत बीसीजी घेतलेल्या सुमारे २,८०० अर्भकांना एका दुर्बल विषाणूच्या वाहनातून क्षयदंडाणूचे एक प्रथिन पूरक लस म्हणून देण्यात आले. टी-कोशिकांची प्रतिक्रिया मोजता आली. संरक्षण मात्र वाढले नाही. ट्यूबरक्युलिनाच्या वेळी जी चूक झाली होती तीच गॅमा इंटरफेरॉनाच्या मापात पुन्हा झाली की काय, अशी शंका त्यामुळे उपस्थित झाली. २०२० मध्ये ऱ्हीसस माकडांना बीसीजी त्वचेत न देता शिरेतून मोठ्या मात्रेत दिली असता दहापैकी नऊ माकडांना संरक्षण मिळाले व सहांत तर संसर्गाचा मागमूसही आढळला नाही. अशा माकडांच्या फुप्फुसांतच टी-कोशिका मोठ्या संख्येने वसलेल्या होत्या. मानवात हा मार्ग धोक्याचा असल्याने तो सध्या विचारापुरताच आहे. तथापि लस तीच असूनही ती कोठून दिली जाते यावर प्रतिरक्षेचे स्वरूप किती अवलंबून असते, हे त्यावरून उघड झाले.

बीसीजीत आनुवंशिक फेरबदल करून, पुटिकेचे आवरण सच्छिद्र करणारे एका अन्य जंतूचे प्रथिन तिच्यात घालण्याची कल्पना बर्लिन येथील माक्स प्लांक संस्थेत साकार झाली. गळालेल्या खंडामुळे आलेली उणीव, रोगकारकता परत न आणता, भरून काढण्याचा हा प्रयत्न होय. पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूटने तिच्या उत्पादनाची बाजू सांभाळली असून क्षयरुग्णांच्या घरातील व्यक्तींवर तिचा प्रयोग भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१९ मध्ये सुरू केला. दोन प्रथिनांपासून बनविलेल्या दुसऱ्या एका लशीने केन्या, झँबिया व दक्षिण आफ्रिका येथील आधीच संसर्गित असलेल्या प्रौढांत तीन वर्षांत फुप्फुसक्षयाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटविल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले व तिचा मोठा प्रयोग २०२४ मध्ये सुरू झाला आहे.